उत्सीरा : थट्टेतून निवडून आलेले स्त्रीराज्य?

१/ नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हाउगेसुंद शहरासमोर, खुल्या समुद्रात उत्सीरा नावाचे छोटे बेट आहे. वस्ती जेमतेम दोनशेची, तरीही त्याचा कारभार स्वतंत्र. नॉर्वेची पहिली महिला नगराध्यक्ष याच बेटाने दिली. ही घटना मात्र बहुधा गंमत म्हणूनच सांगितली जाते. #इतिहास #थ्रेड

२/ नॉर्वेतील निर्वाचित स्थानिक कारभाराचा पाया १८३७ च्या कायद्यांनी घातला. स्थानिक निवडणुकांत सर्व प्रौढ स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१० मध्ये. त्यानंतरही पंधरा वर्षे एकाही स्थानिक परिषदेच्या प्रमुखपदी स्त्री पोहोचली नाही.

३/ १९२४ मध्ये उत्सीरा शेजारच्या तोर्वास्तादपासून वेगळे झाले. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली आणि परिषदेच्या १२ पैकी ११ जागांवर स्त्रिया निवडून आल्या!

४/ रूढ कथा अशी, की पुरुषांनी थट्टेने स्त्रियांची नावे पुढे केली आणि ती थट्टा त्यांच्याच अंगाशी आली. कथा चटकदार आहे, परंतु तिच्यात सारे कर्तृत्व पुरुषांच्या पदरी पडते. स्त्रिया उरतात त्या केवळ एका विनोदाचा शेवट म्हणून.

५/ परिषदेने प्रमुख म्हणून निवडले आसा हेल्गेसेन यांना. त्या सुईण होत्या. इतक्या लहान बेटावर सुईणीला घरोघर ओळख आणि विश्वास असणे स्वाभाविकच. १९२६ ते १९२८ असा पूर्ण कार्यकाळ त्यांनी पद सांभाळले.

६/ थट्टेने निवडणुकीचा निकाल कदाचित उलगडेल. तीन वर्षांचा कारभार उलगडत नाही. शाळा, गरिबांचे साहाय्य, अंदाजपत्रक ही स्थानिक परिषदेची कामे थट्टेवारी चालत नाहीत. त्या स्त्रिया राजीनामे देऊन मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी जबाबदारी स्वीकारली, आणि इतिहासाने नोंद घ्यावी ती याची.

७/ आणखी एक मुद्दा. बेट तोर्वास्तादमध्येच राहिले असते, तर हे घडणे जवळजवळ अशक्य होते. मोठ्या परिषदेत उत्सीराच्या वाट्याला अशा किती जागा आल्या असत्या?

८/ २०२० पर्यंतच्या पुनर्रचनेत नॉर्वेतील स्थानिक संस्था ४२८ वरून ३५६ वर आल्या. उत्सीरा मात्र स्वतंत्र राहिले. लहान संस्था खर्चिक ठरतात, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यांचा हिशेब मांडताना १९२५ ची ती निवडणूकही जमेच्या बाजूला धरली पाहिजे.