जुना संगणक आणि नव्याची सक्ती

नेरसारख्या तालुक्याच्या गावी घरातला संगणक ही चैन नव्हे. मुलांचे अर्ज, सात-बाराचे उतारे, बचत गटाचे हिशेब अशा अनेक कामांचा भार तो वाहतो. माझा स्वतःचा संगणक अकरा वर्षांचा. तो फार मंदावला तेव्हा शहरातील एका विक्रेत्याने 'सर, आता नवाच घ्या' असा निकाल दिला. गावातील एका तरुणाने मात्र तो उघडला, मोडीत निघालेल्या यंत्रातील ४ जीबी रॅमची पट्टी रिकाम्या खाचेत बसविली आणि यंत्र पूर्ववत चालू लागले. खर्च हजार रुपयांच्या आत!

यात चमत्कार काहीच नाही. रॅम हे कामाचे टेबल आणि डिस्क हे कपाट. टेबल अपुरे पडले की संगणकाला प्रत्येक कागदासाठी कपाटाकडे धाव घ्यावी लागते. टेबल वाढविले की धावपळ थांबते. म्हणजे यंत्र निकामी झालेले नव्हते. ते निकामी ठरविले गेले होते.

हे ठरवितो कोण? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपविला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम पुरते, असे कंपनीच सांगते. पण २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. अनेक नव्या लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते; वाढविण्याची वाटच बंद! १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी जिनिव्हात संगनमत करून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणले होते. भांडवलशाहीची ही रीत जुनीच आहे.

आता रॅमही महागली. जगातील बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी उसळताच २०२५ च्या उत्तरार्धात भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशिअल' हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. याच मायक्रॉनच्या साणंद येथील २७५ कोटी डॉलरच्या प्रकल्पात निम्मा वाटा केंद्र सरकारने आणि २० टक्के वाटा गुजरात सरकारने उचलावा, असे २०२३ साली ठरले. पैसा जनतेचा, प्राधान्य मात्र धनाढ्य गिऱ्हाइकांना! अनुदान देताना सामान्य ग्राहकाच्या हिताची अट का घातली गेली नाही?

'जुने यंत्र असुरक्षित असते' हा आक्षेप खोटा नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली वापरू नये, हे मान्य. पण त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली हा उपाय आहे. केरळच्या सरकारी शाळांनी ती वर्षानुवर्षे चालवून दाखविली आहे. रॅम वाढविल्याने सारेच दोष जातात, असा माझा दावा नाही. परंतु जिथे तेवढ्याने भागते, तिथे कुटुंबाला कर्जात लोटण्याचा अधिकार बाजाराला कोणी दिला?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्या हक्काला कायद्याचे बळ मिळाले पाहिजे. रॅम बदलता येईल अशीच यंत्रे सरकारने खरेदी करावीत. कार्यालयांतील बाद संगणक भंगारात न घालता रॅम वाढवून ग्रामीण वाचनालयांना द्यावेत. यंत्र कधी मरावे हे कंपनीने ठरवावयाचे असेल, तर त्याच्या खरेदीची पावती आपल्या नावावर कशाला?