दोन तारखांचा बोध

खटाव तालुक्याच्या इतिहासात दोन तारखा एकमेकींस लागून आल्या आहेत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडूजच्या मामलेदार कचेरीवर निःशस्त्र मोर्चा गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री त्याच तालुक्यातील पुसेसावळी येथे, समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन, जमाव प्रार्थनास्थळावर चालून गेला, जाळपोळ झाली व एका तरुणाचा बळी गेला. अपराधी कोण हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न त्या जमावात नसलेल्या आपल्यासारख्यांना आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०१७ च्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात अहिंसा ही राजकारणाची रीत व्हावी असे आवाहन केले आणि तिचा आरंभ कुटुंबापासून व्हावा असे सांगितले. त्या संदेशात त्यांनी गांधीजी व खान अब्दुल गफार खान यांचे आदराने स्मरण केले. रोमच्या धर्मपीठाने या भूमीकडे बोट दाखवावे आणि आम्हीच ती शिकवण विसरावी, याहून लाजिरवाणे काय? महाराष्ट्रातही वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात दहशतीपुढे मान न तुकविता सनदशीर मार्ग धरला होता. अहिंसा ही कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हे.

अहिंसा म्हणजे दुबळ्यांची सोय, हा आक्षेप जुनाच आहे. वडूजच्या गोळीबारानंतर सातारा जिल्ह्यातील अनेकांनी भूमिगत होऊन शस्त्रे हाती घेतली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती लढाई परकीय सत्तेशी होती. शेजाऱ्याच्या दारावर दगड टाकणाऱ्यास तिचा दाखला देण्याचा अधिकार नाही. बंदुकीसमोर रिकाम्या हातांनी उभे राहणाऱ्यांस दुबळे म्हणणे हा तर त्या नऊ जणांचा उपमर्द होय. खरे दौर्बल्य जमावात लपून हात उगारण्यात आहे, आणि दार लावून स्वस्थ बसण्यातही आहे.

सुशिक्षितांचे कर्तव्य येथेच सुरू होते. विखारी मजकूर आला तर तो पुढे न धाडता पोलिसांच्या हवाली करावा. घरात परधर्मीयांविषयी हेटाळणीचा शब्द निघाला तर वडीलधाऱ्यांनी तो तेथेच अडवावा. गावात कुजबूज वाढताच शिक्षक, वकील, व्यापारी यांनी शेजाऱ्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहावे. दुसऱ्या दिवशी भरविलेल्या शांतता सभेने गेलेला जीव परत येत नाही.

दर वर्षी ९ सप्टेंबरला हुतात्म्यांस अभिवादन करणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे की, त्यांनी दुसऱ्या दिवशी पुसेसावळीसही जावे आणि सर्वधर्मीयांसह तेथे काही क्षण स्तब्ध उभे राहावे. वडूजच्या बलिदानाचा वारसा सांगावयाचा असेल, तर तो तेथेच सिद्ध करून दाखविला पाहिजे.