एमरची सुई

आयरिश नृत्याचा भरतकाम केलेला पोशाख पाहिला की तो शतकानुशतके असाच चालत आला असावा, असे वाटते. तसे नाही. एकोणिसाव्या शतकात खेड्यातली मुलगी रविवारी चर्चला जायचे ठेवणीतले कपडे घालूनच नाचायची. १८९३ साली आयरिश भाषेच्या जपणुकीसाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. भाषेबरोबर नाच आणि वेशही आपला हवा, असा आग्रह सुरू झाला, आणि नाचाचा वेगळा पोशाख घडू लागला. साधा झगा, खांद्यावरून मागे सोडलेली शाल, ती अडकवायला ‘तारा ब्रोच’ या जुन्या आयरिश पिनेची नक्कल. भरतकामाचे नमुने घेतले ते सुमारे ८०० सालच्या ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखितातून.

एवढ्यावरून या पोशाखाला बनावट म्हणणे आम्हाला मान्य नाही. दुष्काळाने आणि स्थलांतराने रिता झालेला, परक्या सत्तेखालचा तो देश पोथीतल्या रेषा अंगावर घेऊन उभा राहू पाहत होता. त्याच ओढीतून १९०२ साली डब्लिनजवळ डंड्रम इथे एव्हलिन ग्लीसन यांनी स्त्रियांसाठी हस्तकलेची कार्यशाळा काढली. भरतकामाचा विभाग कवी येट्स यांची बहीण लिली सांभाळत असे. लॉक्रेच्या कॅथेड्रलसाठी संतांच्या पताका तिथेच भरल्या गेल्या. कार्यशाळेचे नाव ठेवले ‘डन एमर’. दंतकथेतल्या वीर कूहुलिनची पत्नी एमर सुईकामात निपुण होती, म्हणून.

अशा कथेवरून पोशाख बेतायचा तर नाच आधी समजून घ्यावा लागतो. या नाचात धड ताठ, हात बाजूला सरळ आणि सगळी चपळाई पायांत. म्हणजे बारीक टाका शोभतो तो न हलणाऱ्या छातीवर. उसळणाऱ्या घेरावर मोठे, ठळक आकारच नजरेत राहतात. लिरच्या मुलांची कथा घ्या. सावत्र आईच्या शापाने फिनूला आणि तिचे तीन भाऊ हंस झाले, नऊशे वर्षे पाण्यावर राहिले, पण त्यांचा माणसाचा आवाज आणि गाणे टिकले. मॉयलच्या समुद्रातल्या कडाक्याच्या थंडीत फिनूलाने भावांना पंखांखाली घेतले. हा प्रसंग छातीवर यावा. हंसांच्या माना केल्सच्या पद्धतीने एकमेकींत गुंफाव्यात: रेघ एकदा वरून गेली की पुढच्या छेदावर खालून जाते, आणि हा क्रम एका जागी चुकला तरी जाणत्याच्या डोळ्याला खुपतो. लाटा खाली, घेराच्या काठाला.

१९७० पासून जागतिक स्पर्धा भरू लागल्या, चुरस वाढली, आणि दुरून परीक्षकांचे लक्ष वेधण्यासाठी कापड कडक झाले, खडे आणि टिकल्या वाढल्या. १९९४ साली ‘रिव्हरडान्स’ या नृत्यप्रयोगाने साध्या, आखूड पोशाखातही हा नाच जगाला खिळवून ठेवतो हे दाखवले. तरी स्पर्धांतला झगमगाट थांबला नाही. मुलींची हौस आम्ही समजू शकतो. पण खड्यांखाली हंस दिसेनासा झाला तर उरते ती नुसती चकाकी, आणि ती कुठल्याही देशाची असू शकते. पोशाख बेतणाऱ्यांनी खडे निवडण्याआधी एक कथा निवडावी, ती पूर्ण वाचावी, आणि निदान छातीवरचा तुकडा तरी हाताने भरावा.