आगीपुढे उभे पुस्तक

१९४२ साली अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयाने एक भित्तिपत्रक काढले. खाली नाझी पुस्तकांची होळी करताहेत आणि मागे बुरुजाएवढे एक पुस्तक ताठ उभे आहे. पुस्तके आगीने मरत नाहीत, अशा अर्थाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे शब्द त्यावर आहेत. तळाशी घोषणा : विचारांच्या युद्धात पुस्तके हीच शस्त्रे. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात विद्यार्थ्यांनी, होय, विद्यार्थ्यांनीच, ग्रंथ जाळले होते. त्याची आठवण अमेरिका अशी जागवत होती.

घोषणेमागचे काम मोठे होते. आधी सैनिकांसाठी घरोघरची पुस्तके गोळा झाली. त्यांतली बरीच निरुपयोगी निघाली, आणि जाड पुठ्ठ्यांचे ओझे आघाडीवर कोण वाहणार? मग प्रकाशक, ग्रंथपाल आणि विक्रेते यांच्या पुढाकाराने १९४३ ते १९४७ दरम्यान सैनिकांसाठीच्या खास आवृत्त्यांच्या बारा कोटींहून अधिक प्रती निघाल्या. आडव्या आकाराच्या, गणवेशाच्या खिशात मावणाऱ्या. आणि त्या छापल्या मासिकांच्या यंत्रांवर! दोन पुस्तके वर-खाली छापायची, मग मधून कापून वेगळी करायची. दिवाळी अंक काढणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाचताना ऊर भरून येतो.

सैनिकांनी वाचले काय? रहस्यकथा, काउबॉयच्या गोष्टी, कविता. बेटी स्मिथ यांची 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन' ही कादंबरी तर त्यांनी डोक्यावर घेतली. तिच्यातली गरीब घरची फ्रॅन्सी वाचनालयातले प्रत्येक पुस्तक अक्षरानुक्रमे वाचायला घेते. ही कादंबरी वाचून आघाडीवरचे जवान लेखिकेला पत्रे लिहीत.

जवानांनी पुस्तक शस्त्र म्हणून नव्हे, सोबती म्हणून वाचले; म्हणूनच ती घोषणा आम्हाला अपुरी वाटते. पुस्तकाला शस्त्र म्हटले, की शस्त्रागाराच्या किल्ल्या आपल्याच कमरेला असाव्यात असे सत्तेला वाटू लागते. घडलेही तसेच. १९४४ च्या निवडणुकीआधी तिथल्या काँग्रेसने कायदा केला : मतांवर परिणाम करू शकेल असे राजकीय साहित्य सरकारी खर्चाने सैनिकांना द्यायचे नाही. लष्कराने तो इतक्या काटेकोरपणे लावला, की अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांचे चरित्रसुद्धा अडले. भित्तिपत्रकाला दोनच वर्षे झाली होती. प्रकाशक आणि वृत्तपत्रे उघडपणे विरोधात उभी राहिली, आणि त्याच ऑगस्टमध्ये कायदा सैल करावा लागला. भित्तिपत्रकातले पुस्तक खरे उभे राहिले ते या माणसांमुळे.

आपल्याकडेही छापील शब्द असाच माणसांमुळे उभा आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची दिवाळी अंकांची आपली परंपरा आज वाचनालयांच्याही आधारावर टिकून आहे. एक वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेत राहायचे, ही सोय गावोगावच्या सभासदांनी चालू ठेवली आहे. तुमच्या गावच्या वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर ती या आठवड्यात भरा. यंदाच्या अंकांची यादी मागून घ्या, आणि ज्याची मते तुम्हाला मुळीच पटत नाहीत असाही एक अंक घरी न्या. तो आमचा असला तरी चालेल.