खडूच्या कड्यावर बर्फाची कुऱ्हाड

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हर येथे समुद्रालगत पांढरेशुभ्र कडे उभे आहेत. काही ठिकाणी त्यांची उंची शंभर मीटरांहून अधिक भरते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मिक फाउलर हा गिर्यारोहक सोबत्यांसह हे कडे चढला, तेव्हा त्यांच्या हातांत बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी होत्या आणि बुटांखाली पोलादी काटे. बर्फाचा तर तेथे मागमूसही नव्हता! (हे गृहस्थ पोटापाण्यासाठी करखात्यात नोकरी करीत.)

खडक चढावा तो हातापायांनी, कुऱ्हाड ही लबाडी, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. थोडे गणित करून पाहा.

तुमचे वजन ७० किलोग्रॅम आहे आणि ते सारे कुऱ्हाडीच्या टोकावर, म्हणजे समजा १० चौरस मिलिमीटरांवर आले. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ७०० किलोग्रॅम. चांगला ग्रॅनाइट हजाराहून अधिक सहज सोसतो. त्यावर टोक नुसते घसरेल. डोव्हरचा कडा मात्र खडूचा, म्हणजे सूक्ष्म सागरी शैवालांच्या चुनखडी कवचांचा सच्छिद्र थर. (तुमच्या वर्गातला खडू बहुधा जिप्समचा असतो, तो हा नव्हे.) त्याची ताकद ढोबळ मानाने शंभराच्या आसपास, आणि बर्फाचीही जवळपास तितकीच. टोक आत शिरते. शिरता शिरता टेकणारे क्षेत्रफळ वाढते, दाब उतरतो आणि ते थांबते. एक चौरस सेंटिमीटर टेकले की दाब उरतो ७०. मग कुऱ्हाडीला हा ‘खडक’ आहे की ‘बर्फ’, हे कसे कळणार? आपण वर्गात पदार्थांची नावे पाठ करून घेतो, गुणधर्म विचारत नाही, ही आम्हा शिक्षकांची चूक आहे.

अर्थात हे गणित कोरड्या, अखंड खडूचे. पाणी मुरले की त्याची ताकद पुष्कळच घटते, आणि भेगा तर गणितात धरलेल्याच नाहीत. २००१ साली बीची हेडजवळचा ‘डेव्हिल्स चिमनी’ हा खडूचा सुळका कोणी हात न लावता समुद्रात कोसळला.

कुऱ्हाडीने कड्याला भोके पडतात, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. डोव्हरला समुद्रच कडा कुरतडत असतो, तेथे ती भोके टिकत नाहीत. पण ससेक्समधील हॅरिसन्स रॉक्सचा वालुकाश्मही मऊच आहे. त्याच्या वरच्या कठीण कवचाखाली भुसभुशीत वाळू आहे. कवच एकदा फुटले की आतला दगड झपाट्याने झिजतो. तेथे कुऱ्हाड नेणाऱ्याला मी खालूनच परत पाठवीन.