तुपावरचा खटला

गेल्या महिन्यात या सदराच्या पत्त्यावर ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र आले. श्रावणात त्यांच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने ते वाचले. इस्पितळात काढलेला कोलेस्टेरॉलचा आकडा काही फार चढलेला नव्हता. तरीही सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांनी खापर फोडले ते या बाईंच्या साजूक तुपावर! 'यंदा बेसनाचे लाडू करू की नको? आणि खरेच का हे माझ्या हातून घडले?' असे त्या विचारतात. लाडवांचे त्यांच्या डॉक्टरांनी सांगावे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र आपल्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशीची साक्ष काढली पाहिजे, कारण प्रसंगाच्या जागी ती हजर होती.

पांढरी पेशी म्हणजे शरीराचा शिपाई, हे आपण शाळेत घोकले आहे. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्याला वेढावे आणि जमल्यास गिळून टाकावे, हा या पेशींचा धर्म. या शोधाबद्दल त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच शिपाई पुढे भलत्या जागी सापडला. १९१३ साली पीटर्सबर्ग येथे अनिचकोव्ह याने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल चारले. (बिचारा ससा, गवताशिवाय ज्याने काही पाहिले नाही!) त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत चरबीने टम्म फुगलेल्या पेशी दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना 'फेसाळ पेशी' म्हणू लागले. त्यांतल्या पुष्कळशा मूळच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रक्तात असताना त्यांना मोनोसाइट म्हणतात, भिंतीत शिरल्या की मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक.

पण हा शिपाई इतकी चरबी खातो का? अमेरिकेत डॅलस येथे ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या जोडीने या पेशींना कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएल कण घालून पाहिले. ताज्या कणांना त्या फारशा शिवेनात. १९७९ साली त्यांनी तेच कण रासायनिक क्रियेने थोडे बिघडवले, आणि पेशी त्यांवर तुटून पडल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर ताजा लाडू नको, खवट झालेला मात्र डबाभर! धमनीच्या भिंतीत अडकून पडलेले एलडीएल असेच खवटते. ताजा माल ज्या दाराने आत येतो ते दार पोट भरले की मिटते. खवट मालाचे दार 'पुरे' म्हणणेच जाणत नाही.

बरे, खाल्लेले बाहेर कसे पडते? हे उमगले एका विचित्र घशावरून. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ टँजिअर नावाचे एक चिमुकले बेट आहे. १९६० च्या सुमारास तिथल्या एका लहान मुलाच्या घशातल्या गाठी चक्क नारिंगी दिसल्या. त्याच्या बहिणीच्याही तशाच निघाल्या. डॉ. फ्रेडरिकसन यांनी तपासले तर गाठींतल्या मॅक्रोफेज पेशी कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या, आणि ज्याला आपण 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएल रक्तात जवळजवळ नाहीच. कारण कळायला १९९९ साल उजाडले. पेशीतले जास्तीचे कोलेस्टेरॉल ज्या दारातून बाहेर पडून एचडीएलच्या हवाली होते, ते एबीसीए-१ नावाचे दारच या मुलांत जन्मतः बिघडलेले होते.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आलो. तुमच्या-माझ्या पेशींत हे दार शाबूत असते; पण ते किती उघडे ठेवायचे हे अंगातल्या दाहाच्या आरोळ्या ठरवतात. जंतू शिरला, जखम झाली, की पेशी इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन, टीएनएफ अशी रसायने सोडून एकमेकींना सावध करतात. प्रयोगशाळेत मॅक्रोफेज पेशींना इंटरफेरॉन-गॅमा किंवा जंतूंच्या कवचातले विष दाखवले, तर त्या एबीसीए-१ ची दारे कमी बनवतात आणि चरबीचे थेंब साठवू लागतात. हा वेडेपणा नव्हे. गडाला वेढा पडला की कोठारातले धान्य बाहेर धाडीत नाहीत. स्निग्ध पदार्थांतूनच पेशीचे नवे पटल होते आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी दाहाची रसायनेही होतात. २०२० साली तर असे दिसून आले, की या थेंबांवर जंतुनाशक प्रथिनेही बसवलेली असतात!

चार दिवसांचा ताप असेल तर वेढा उठतो, दारे पुन्हा उघडतात. घात होतो तो धुमसणाऱ्या दाहाने. विडी-सिगारेट, आटोक्यात नसलेला मधुमेह, पोटावरची चरबी यांनी अंगात आरोळी मंद, पण सतत चालू राहते. त्यात आणखी एक दुष्टचक्र. साठलेल्या कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक बनतात, ते पेशीला आतून टोचतात, आणि पेशी इंटरल्यूकिन-१ सोडून नवी आरोळी देते. हे २०१० साली उघडकीला आले. चरबीने दाह पेटतो, दाहाने चरबी अडकते. शिपाई तिथेच मरतो, त्याच्या प्रेतांचा मऊ लगदा साचतो, वरचे कवच फुटले की रक्ताची गुठळी होते, आणि आपण म्हणतो, 'काल तर अगदी धडधाकट होते हो!'

तेव्हा भगिनी, माझे मत असे. तुपाला निर्दोष सोडता येत नाही, कारण एलडीएलचा माल आलाच नसता तर शिपायाने खाल्ले काय असते? पण चमचाभर तुपाला एकट्याला फासावर चढवणे हा निव्वळ अन्याय आहे. आणि यजमान सिगारेट ओढत असतील, तर सासूबाईंनी आधी चिरंजीवांकडे वळावे. दुसरे, रिपोर्टावरची तारीख पाहा. अंगात दाह भडकला की रक्तातली चरबीही बदलते. मोठा ताप असताना किंवा झटक्यानंतरच्या दिवसांत कोलेस्टेरॉलचा आकडा खरा असतो त्याहून कमी दिसू शकतो. इस्पितळातला तो 'बरा' आकडा कदाचित असा असेल. प्रकृती सावरल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासून घ्या, आणि तोवर त्यांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी चुकवू नका.

मग नुसता दाह विझवला तर? २०१७ साली याची कसोटी लागली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरच्या चाचणीत काहींना इंटरल्यूकिन-१ ला अडवणारे कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिले. एलडीएलचा आकडा होता तिथेच राहिला, तरी मधल्या मात्रेच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकूण प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. पण शिपायाचा आवाज दाबल्याची किंमतही मोजावी लागली. जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या वाढली. औषध महागही फार.

त्यापेक्षा स्वस्त म्हणजे कॉल्चिसिन, संधिवाताच्या एका प्रकारावरची जुनी गोळी. २०१९ साली ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत तिच्या अल्प मात्रेने फायदा दिसला. २०२४ साली ७,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसला नाही. वैद्यांचा वाद अजून चालू आहे. हे कॉल्चिसिन आपल्या ओळखीच्या एका वेलीतही असते. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी ती हीच. हे वाचून कोणी तिचा कंद उकळून काढा करायला निघेल, म्हणून बजावून ठेवतो. तो कंद जहाल विष आहे, त्याने माणसे मेली आहेत. परसात वेल असेल तर मुलांना कंदाला हातसुद्धा लावू देऊ नका.