परताव्याचा न्याय कोणाच्या हाती?

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या बाजारपेठांतील दुकानांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या लटकत राहिली. तिच्यामागे कायद्याचे बळ नव्हते. होती ती विक्रेत्याची अरेरावी आणि गिऱ्हाइकाची अगतिकता. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्या स्त्रियांनी, १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आणि पुढे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य ग्राहकाला आवाज दिला. या लढ्यातील आपल्या चळवळीच्या वाट्याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. म्हणूनच त्या पाटीच्या जागी आज जी नवी व्यवस्था उभी राहिली आहे, ती ग्राहकाच्या नावाने नेमके कोणाचे हित साधते, हे तपासणे हेही आपलेच कर्तव्य ठरते.

हा प्रश्न एका लहानशा धंद्याच्या निमित्ताने पाहू. जुनी नाणी, टपाल तिकिटे, काडेपेट्यांचे छाप, चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके, बंद पडलेली घड्याळे असा संग्राह्य माल एकेकाळी मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हातात घेऊन, उलटसुलट पाहून विकत घेतला जाई. आज त्याचा मोठा भाग दूरध्वनीच्या पडद्यावर विकला जातो. विकणारे बहुधा बडे व्यापारी नसतात. कोणी आयुष्यभराचा संग्रह मोडणारा निवृत्त कारकून असतो, कोणी रस्त्यावरची जागा गमावलेला फेरीवाला, तर कोणी नोकरी न मिळालेला तरुण. माल पोहोचतो आणि आठवड्याने खरेदीदाराची तक्रार येते : ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, पैसे परत करा.’ त्याच क्षणी विक्रेत्याची रक्कम अडकवून ठेवली जाते आणि निवाडा करावयास बसते ती बाजार चालविणारी कंपनी.

प्रथम खरेदीदाराची बाजू मान्य करू, कारण ती न्याय्य आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर खरेदीदार चांगल्या मालालाही वाईट मालाचा भाव देऊ लागतो. परिणामी चांगला माल बाजारातून निघून जातो. संग्राह्य वस्तूंच्या बाबतीत हे तत्त्व शतपट लागू पडते. शर्टाला अंगावर घालण्याचा उपयोग तरी असतो. जुन्या नाण्याचे मोल जवळजवळ सर्वस्वी त्याच्या वर्णनात साठविलेले असते. उत्तर पेशवाईतील दुदांडी शिवराई ‘शिवछत्रपतींच्या काळातील’ म्हणून विकली, तर धातू तोच, आकारही जवळपास तोच, परंतु विकलेली वस्तू खोटी ठरते. घासून चकाकविलेले नाणे ‘मूळ अवस्थेतील’ म्हणून विकणे हीदेखील फसवणूकच होय. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १५ सांगते की, वर्णनावरून होणाऱ्या विक्रीत माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे; कलम ४१ खरेदीदाराला तपासणीची संधी देते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तर सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देता कामा नये, असे स्पष्ट बजावले आहे. पै-पै साठवून एखादे नाणे घेणारा शाळामास्तर फसविला गेला, तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. विक्रेता गरीब आहे एवढ्यावरून त्याची लबाडी पवित्र होत नाही.

म्हणजे वाद परताव्याच्या हक्काविषयी नाही. तो वादाचा निवाडा कोणी व कसा करावयाचा याविषयी आहे. वस्तू खरोखरच वर्णनाप्रमाणे नव्हती काय? परत आलेले नाणे तेच आहे, की बदललेले? हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत. त्यांना पुरावा लागतो, जाणकाराचे मत लागते, दोन्ही पक्षांची सुनावणी लागते. वस्तू न पाहता, शेकडो कोस दूर बसून, छायाचित्रांच्या आधारे दिलेला निकाल किती भयंकर चुकू शकतो याचे एक उदाहरण २०१२ च्या प्रारंभी जगभर गाजले. अमेरिकेतील एका विक्रेतीने दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे एक फ्रेंच व्हायोलिन कॅनडातील खरेदीदाराला अडीच हजार डॉलरना विकले. खरेदीदाराने त्याच्या आतील नाममुद्रेबद्दल शंका घेतली. वास्तविक जुन्या व्हायोलिनांच्या नाममुद्रांविषयी जाणकारांत मतभेद असणे ही नित्याची गोष्ट आहे. परंतु पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या पेपाल कंपनीने व्हायोलिन ‘बनावट’ मानले आणि परतावा हवा असल्यास ते नष्ट करा, असे खरेदीदाराला सांगितले. त्याने मोडलेल्या लाकडाचे छायाचित्र पाठविले व पैसे मिळविले. विक्रेतीच्या हातून वाद्यही गेले, मोलही गेले आणि ते अस्सल असल्याचे सिद्ध करण्याचा एकमेव पुरावाही गेला. तसा आदेश देण्याचा अधिकार कंपनीने आपल्या अटींत आधीच लिहून ठेवला होता. या अटी कोणी मंजूर केल्या होत्या? कोणत्याही विधिमंडळाने नव्हे.

आपल्या जुन्या समाजव्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यातील जातिभेद व अन्याय आम्ही विसरलेलो नाही. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेलाही उमगली होती. नाणे खरे की खोटे हे पारखण्याचे काम पोतदाराचे असे, पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत आणि तंटा गोतसभेपुढे जाई. पारख, कारभार आणि न्याय ही तीन कामे निदान तीन ठिकाणी होती. आजच्या ऑनलाइन बाजारात ती एकाच कंपनीच्या हाती एकवटली आहेत आणि ती कंपनी प्रत्येक सौद्यावर दलालीही घेते. ज्याला सौद्यात वाटा आहे, त्याने पंच होऊ नये हे न्यायाचे पहिले सूत्र येथे पायदळी तुडविले जाते.

हा पंच खरेदीदाराकडे झुकतो तो ग्राहकप्रेमाने नव्हे, तर गिऱ्हाईक टिकविण्याच्या हिशेबाने. १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या बाजारात पूर्वी खरेदीदार व विक्रेता परस्परांविषयी बरावाईट अभिप्राय नोंदवू शकत. विक्रेते सूडबुद्धीने वाईट शेरे मारतात या कारणास्तव २००८ साली विक्रेत्याचा प्रतिकूल अभिप्रायाचा अधिकार काढून घेण्यात आला. तक्रारीत तथ्य असेलही. परंतु उपाय म्हणून एका पक्षाचे तोंड बंद करण्यात आले. याच बाजाराच्या नियमांनुसार विक्रेत्याने ‘परत घेणार नाही’ असे लिहिले असले, तरी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ एवढी तक्रार होताच त्याला परताव्याच्या प्रक्रियेस सामोरे जावे लागते आणि उत्तरासाठी त्याला मिळतात कामकाजाचे तीन दिवस.

या धोरणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. हजार शर्ट विकणारी कंपनी दहा परत आलेल्या शर्टांचा तोटा उरलेल्या ९९० शर्टांच्या किमतीत मिसळून टाकते. एकच नाणे, एकच घड्याळ विकणाऱ्याला तो तोटा मिसळावयास जागाच नसते. उदारपणाची कीर्ती कंपनीला मिळते. त्याची किंमत मोजतो सर्वांत दुबळा विक्रेता.

कायदा या ठिकाणी काय करतो? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा आधार घेऊन बाजारचालक कंपन्या ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणत जबाबदारी झटकतात. जबाबदारीच्या वेळी मध्यस्थ आणि पैसे अडकविण्याच्या वेळी न्यायाधीश, अशी ही दुटप्पी भूमिका आहे. २०२० च्या नियमांनी तक्रारनिवारण अधिकारी नेमावयास लावले, ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण बंधनकारक केले; पण हे सारे ग्राहकाच्या तक्रारीसाठी. विक्रेता व्यापारी हेतूने सेवा घेतो, सबब ग्राहक न्यायालयाचे दार त्याला सरळ उघडे नाही. दिवाणी दावा लावावा, तर दोन हजारांच्या नाण्यासाठी वकिलाची फी कोठून आणावयाची? युरोपीय संघाने २०१९ साली केलेला आणि जुलै २०२० पासून लागू झालेला नियम याहून एक पाऊल पुढे आहे : मोठ्या बाजारचालकांनी व्यावसायिक विक्रेत्यांसाठी विनामूल्य तक्रारव्यवस्था ठेवावी, त्यांच्यावर बंदी घालताना कारणे द्यावीत आणि मध्यस्थी करणाऱ्यांची नावे अटींतच नमूद करावीत. भांडवलशाही युरोपला जे जमते, ते आपल्या ‘समाजवादी’ म्हणविणाऱ्या प्रजासत्ताकाला अशक्य असू नये.

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसावे असे मात्र नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा विक्रेत्यांना काही गोष्टी समजावून सांगाव्यात. वर्णनात ठाऊक आहे तेवढेच लिहावे. खात्री नसेल तेथे ‘बहुधा’ लिहिण्यात कमीपणा नाही. दोष आधी सांगावा, गुण नंतर. नाण्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे उजेडात घेऊन ठेवावीत. ओरखडा, डाग अशी ओळखीची खूण टिपून ठेवावी. वस्तू पाकिटात घालून पत्ता चिकटविण्यापर्यंतचे अखंड चित्रण करावे आणि टपालाची वजनासह पावती जपावी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा करण्यास परवाना लागतो, हेही सांगावे. ज्याचा सौदाच बेकायदा, त्याला वादात उभे राहावयास जमीन नसते.

तक्रार आली की रागाने लिहू नये, गप्पही बसू नये. मुदतीच्या आत, कंपनीच्याच संदेशव्यवस्थेतून, लेखी उत्तर द्यावे व दोष दाखविणारी छायाचित्रे मागावीत. चूक आपली असेल तर टपालखर्चासह पूर्ण रक्कम विनाविलंब परत करावी. प्रामाणिकपणा ही लहान विक्रेत्याची एकमेव ठेव आहे. शंका असेल तर वस्तू आधी परत मागवावी, तिचे पाकीट चित्रण करीत उघडावे, खूण व वजन जुळवून पाहावे आणि मगच त्याच मार्गाने पैसे परत करावेत. निराळ्या खात्यावर कदापि नव्हे. ‘निम्मे पैसे द्या, नाहीतर वाईट शेरा लिहितो’ अशी धमकी आल्यास ती लेखी नाकारावी व कंपनीस कळवावी. वाद अस्सलपणाचा असेल तर तिसऱ्या जाणकाराचे मत घेण्याचा व हरणाऱ्याने त्याचा खर्च सोसण्याचा प्रस्ताव ठेवावा. निकाल विरुद्ध गेला तर लेखी कारणे मागावीत आणि जेथे सोय असेल तेथे फेरविचाराचा अर्ज करावा. जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क उकळणाऱ्या भामट्यांविरुद्ध त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेला इशाराही त्यांच्या कानांवर घालावा.

परंतु एकट्याची दक्षता ही एकट्याचीच राहते. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, तेव्हा हमालांचा मालकही निश्चित नव्हता; आज या दुकानात, उद्या त्या गोदीत. तरीही कामगार, मालक व शासन यांची संयुक्त मंडळे उभी राहिली. ऑनलाइन विक्रेत्याची अवस्था फार निराळी नाही. म्हणून आमची मागणी अशी : परताव्याच्या वादांसाठी बाजारचालकांच्या दलालीतून निधी घेऊन, ग्राहक संघटना, लहान विक्रेते आणि शासन यांच्या प्रतिनिधींची जिल्हावार लवाद मंडळे असावीत. सकारण निकालावाचून विक्रेत्याचे पैसे कायमचे हिरावून घेतले जाऊ नयेत. वादग्रस्त वस्तू नष्ट करण्याचा आदेश देण्यास बंदी असावी. पारखीसाठी दोन्ही पक्षांपासून स्वतंत्र जाणकारांची सूची असावी.

कंपन्या म्हणतील, यात वेळ जाईल. जाईल, थोडा जाईल. न्यायाला लागणारा वेळ हा अपव्यय मानणारी अर्थव्यवस्था माणसालाही अपव्ययच मानू लागते. ग्राहक व लहान विक्रेता हे परस्परांचे शत्रू नव्हेत. एक मजुरीतून वाचवून घेतो, दुसरा मजुरी म्हणून विकतो. त्या दोघांमध्ये उभे राहून दोघांच्याही वतीने बोलण्याचा मक्ता दलालाला दिला कोणी, हा प्रश्न येत्या काळात वस्त्यावस्त्यांतून विचारला गेला पाहिजे.